कुत्र्या-मांजराला माशाचं तेल: डबीची मागची बाजू वाचा

राजारामपुरीत माझं औषधांचं दुकान आहे. पावसाळा लागला की एक मागणी हमखास वाढते. "मॅडम, कुत्र्याचे केस लई गळाय लागल्यात, त्या माशाच्या तेलाच्या गोळ्या द्या की." मी लगेच देत नाही. खाज आहे का, कान सारखे झटकतंय का, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलंय का, हे आधी विचारते. जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा ओलीच असते आणि या दिवसांत गोचीड, पिसवा, बुरशी यांचा जोर असतो. खाजेचं मूळ तिथं असेल तर तेल कितीही पाजलं तरी ती थांबणार नाही, आणि खरे उपचार तेवढे लांबतील.

मूळ कारण बघून झाल्यावर मात्र हे तेल फार कामाचं आहे. त्यातले ईपीए आणि डीएचए हे दोन ओमेगा-३ घटक शरीरातला दाह कमी करतात. कोरडी, खाजरी त्वचा आणि म्हाताऱ्या कुत्र्यांचे आखडलेले सांधे यांसाठी ते मुख्यतः देतात. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या काही आजारांतही डॉक्टर सुचवतात, पण तिथं आपल्या मनानं द्यायचं नाही. आणि धीर धरायला हवा. त्वचेवर फरक दिसायला सहा ते आठ आठवडे जातात, सांध्यांना कधी तीन महिनेही लागतात. पंधरा दिवसांत "काय उपयोग नाही" म्हणून बंद करणारे लोक बघितले की मला वाईट वाटतं.

आता मुख्य मुद्दा. डबीवर समोर मोठ्या अक्षरांत '१००० मिलिग्रॅम' लिहिलेलं असतं. ते सगळ्या तेलाचं वजन. डबी फिरवा आणि मागचा बारीक मजकूर वाचा. साध्या कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम असतं, म्हणजे कामाचा माल ३००. जास्त तीव्रतेच्या कॅप्सूलमध्ये हाच आकडा ५००-६०० किंवा त्याहून अधिक असतो. हिशोब या बेरजेवर करायचा. ज्या डबीवर हे दोन आकडे वेगवेगळे दिलेले नाहीत, ती मी जनावरासाठी देत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कॉड लिव्हर ऑईल म्हणजे माशाच्या यकृताचं तेल, ते वेगळं. त्या पिवळ्या मोत्यासारख्या गोळ्या आपल्या प्रत्येक घरात असतात, म्हणून लोक त्याच देतात. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते शरीरात साठत जातं. ओमेगा-३ पुरेसं मिळावं म्हणून चार-चार गोळ्या रोज दिल्या, तर या जीवनसत्त्वांचीच बाधा होते. मांजरांमध्ये जादा अ जीवनसत्त्वामुळे मानेची हाडं एकमेकांना जुळून ताठ होतात. डबीवर 'फिश ऑईल' आहे की 'लिव्हर ऑईल', हे नीट बघा.

मात्रेसाठी वजन लागतं. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकट्यानं उभं राहा आणि वजाबाकी करा. उचलण्यासारखं नसेल तर धान्याच्या दुकानातला मोठा काटा आहेच. त्वचेसाठी साधारणपणे दर किलोला ५० ते १०० मिलिग्रॅम ईपीए-डीएचए देतात. माझी बिजली मुधोळ जातीची, वजन २२ किलो. तिला ५० च्या हिशोबानं ११०० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे साध्या कॅप्सूल जवळजवळ चार, किंवा तीव्र कॅप्सूल दोन. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं २००६ साली कुत्र्यांसाठी वरची सुरक्षित मर्यादा दिली आहे. ती १० किलोच्या कुत्र्याला रोज सुमारे २००० मिलिग्रॅम आणि २२ किलोच्या कुत्र्याला ३७०० च्या आसपास येते. म्हणजे वजन दुप्पट झालं म्हणून मर्यादा दुप्पट होत नाही. मोठ्या कुत्र्याच्या मालकांनी हे लक्षात ठेवावं. सांधेदुखीसाठी डॉक्टर या मर्यादेच्या जवळची मात्रा देतात, ती त्यांनीच ठरवायची.

पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा देऊ नका. एका कॅप्सूलवर आठवडा काढा, शौच घट्ट राहिलं तर पुढची वाढवा. पातळ झालं तर मागं या. कॅप्सूल सुईनं टोचून तेल जेवणावर पिळायचं, रिकाम्या पोटी नाही. मांजराच्या तोंडात सिरिंजनं तेल कधीच सोडू नका. तेलाचा ठसका नीट लागत नाही, ते गुपचूप श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. मांजराच्या खाण्यात दोन थेंबांपासून सुरुवात करा. वासानं त्याला आवडलं तर ते स्वतःच चाटतं.

लहान मुलांसाठीचं लिंबाच्या चवीचं पातळ तेल आणलंत तर घटकांत झायलिटॉल आहे का ते तपासा. ते कुत्र्याला विष आहे.

तेल खवट होणं ही आपल्याकडची मोठी अडचण. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेली बाटली मी तरी वापरणार नाही. गडद रंगाची, लहान बाटली घ्या, फोडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन महिन्यांत संपवा. कॅप्सूलचीही अधूनमधून एक फोडून वास घ्या. माशाचा सौम्य वास चालतो, जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र वास आला की टाकून द्या. सोबत ई जीवनसत्त्व असलेलं तेल मिळालं तर ते निवडा.

ज्या कुत्र्याला स्वादुपिंडाचा दाह होऊन गेलाय, त्याला हे तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नसबंदी किंवा दुसरी शस्त्रक्रिया ठरली असेल तर तेल चालू असल्याचं आधी सांगा, कारण जास्त मात्रेत रक्त गोठायला वेळ लागू शकतो. वेदनाशामक गोळ्या चालू असतील तरी सांगाच. लठ्ठ लॅब्रॅडॉरच्या बाबतीत तेलाच्या एका ग्रॅममागे नऊ कॅलरी जातात, तेवढं जेवण कमी करा.

"जवसाचं तेल चालेल का?" हेही रोज विचारतात. जवसातल्या ओमेगा-३ चं ईपीए-डीएचएमध्ये रूपांतर कुत्र्याचं शरीर फार थोडं करतं, मांजराचं जवळजवळ नाहीच. जवसाची चटणी तर अजिबात नको, तिच्यात लसूण असतो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातली भाकरी कुत्र्याला घालणाऱ्यांनाही मी हेच सांगते; कांदा-लसूण त्यांच्या रक्तपेशी फोडतात.

डबी परवडत नसेल तर किनाऱ्यावरून येणारा बांगडा किंवा तारली घ्या. रोहू-कटल्यापेक्षा यांत ओमेगा-३ कितीतरी जास्त. मीठ, हळद, तिखट काही न घालता उकडा, काटे हातानं काढा आणि नेहमीच्या जेवणात थोडा मिसळा. कच्चा देऊ नका, कारण काही माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो आणि तो शिजवल्यावरच जातो. सुकट, सुके बोंबील मिठामुळे नकोत. माशाच्या दिवशी कॅप्सूल द्यायची गरज नाही.