डीमिक्सचा बफर आणि पिरियड बदलण्याआधी

अल्सा म्हणजे लिनक्सची साउंड यंत्रणा, आणि तिचं डीमिक्स प्लगिन अनेक प्रोग्रामांचा आवाज मिसळून एकाच साउंड कार्डाला देतं. त्याचे आकडे, म्हणजे बफर (वाजायच्या आवाजाची साठवण) आणि पिरियड (त्या साठवणीचा एकेक तुकडा), बदलायला बसण्याआधी कार्ड मोकळं करून घ्या. ब्राउझर, प्लेअर आणि मुख्य म्हणजे मागे गुपचूप चालणारं पल्सऑडिओ किंवा पाइपवायर (सगळ्या प्रोग्रामांचा आवाज सांभाळणारे साउंड सर्व्हर), सगळं बंद. डीमिक्समध्ये जो प्रोग्राम पहिला शिरतो तो कार्ड उघडतो, आणि नंतर येणारे सगळे त्याच आकड्यांवर चालतात. एखादा टॅब जरी वाजत राहिला तरी सेटिंगच्या फाइलमध्ये काहीही लिहा, पिरियड जुनाच राहतो. साउंडच्या डिव्हाइस फाइलींवर 'फ्यूझर' ही कमांड चालवली की कोण ठाण मांडून बसलंय ते कळतं.

'एप्ले' या अल्साच्या कमांडच्या यादीतून कार्डाचं नाव टिपून ठेवा. नंबर नको, यूएसबी कार्ड लावलेलं असलं की रीबूटनंतर शून्याचं एक होऊ शकतं. डॉट-एसाउंडआरसी ही अल्साच्या सेटिंगची फाइल आधीची असेल तर तिची कॉपी बाजूला काढा.

आता गणित. फ्रेम (सगळ्या चॅनलांचं मिळून एका क्षणाचं सॅम्पल) भागिले सॅम्पल रेट (सेकंदाला किती फ्रेम), एवढंच. रेट 48000 असताना 1024 फ्रेमचा पिरियड सुमारे 21 मिलिसेकंदांचा होतो आणि 4096 चा बफर सुमारे 85 चा. गाणी ऐकायला, सिनेमा बघायला हे पुष्कळ झालं. तिथे 64 फ्रेमच्या मागे लागण्यात काही राम नाही, दर 1.33 मिलिसेकंदाला प्रोसेसरला हाक मारायची, आणि तो जरा उशिरा आला की आवाज तुटतो. हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज ऐकत गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर मात्र डीमिक्सचा नाद सोडा. कार्ड थेट जॅकला (रेकॉर्डिंगसाठी वापरतात तो साउंड सर्व्हर) द्या आणि 128 चे दोन पिरियड, म्हणजे 5.33 मिलिसेकंद, इथून सुरुवात करा. यूएसबी कार्डाला तीन पिरियड सहसा जास्त मानवतात.

बफर पिरियडच्या पूर्ण पटीत, निदान दुप्पट हवा. माप एकच धरा: फ्रेम तर फ्रेम, मायक्रोसेकंद तर मायक्रोसेकंद. डीमिक्स स्वतः रेट बदलून देत नाही, म्हणून त्याच्यावर 'प्लग' (रेट जुळवून देणारं प्लगिन) चढवायला विसरू नका, नाहीतर 44100 ची फाइल अडेल.

एखादी लांबलचक फाइलही हाताशी ठेवा. ती लावून प्रॉकमधल्या (कर्नलची चालू माहिती दाखवणारं फोल्डर) एसाउंड फोल्डरात त्या कार्डाची 'एचडब्ल्यू पॅराम्स' फाइल उघडा. तुम्ही 1000 मागितलेले असतात आणि कार्डाने 1024 दिलेले असू शकतात; खरा आकडा तिथलाच. बघायचं ते वाजत असतानाच, थांबवलं की तिथे नुसतं 'क्लोज्ड' दिसतं.