डोक्याची फाइल एकीकडे, कमरेची दुसरीकडे: या चुका टाळा

डोकं ठणकलं, सकाळी उठल्याउठल्या उलटी झाली, की खानापूर असो वा निपाणी, निदान घरातच होतं: पित्त. कंबर धरली तर दोष ऊसतोडीला, नाहीतर मोटारसायकलला. बहुतेकदा ते खरंही असतं. क्वचित मात्र दोन्हींचं मूळ एकच निघतं, मज्जारज्जूतली गाठ.

पाठीतल्या गाठीनं डोक्यात दाब वाढतो कसा? मेंदूत रोज सुमारे ५०० मिली पाणी तयार होतं, ते मज्जारज्जूभोवतीही खेळतं, पण एका वेळी असतं १५० मिलीच्या आसपास. बाकीचं रक्तात शोषलं जातं. गाठीमुळे त्या पाण्यात प्रथिनं वाढली की गाळणीत साय बसावी तशी शोषणाची वाट तुंबते, असं मानतात.

सगळ्यात मोठी चूक पिशव्यांची. डोक्याचे रिपोर्ट मिरजेला नेलेले, कमरेची फिल्म साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळून घरी खाटेखाली. डॉक्टरांनी विचारलंच तर उत्तर तयार, "ते कमरेचं, वेगळं आहे साहेब." दोन्ही पिशव्या एकाच टेबलावर ठेवा.

झुकल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर चष्म्याचा नंबर काढून थांबू नका. थेंब घालून डोळ्याचा पडदा तपासून घ्या. दाब वाढला की तिथली नस सुजलेली दिसते.

नस सुजलेली, पण मेंदूचा एमआरआय नॉर्मल, म्हणून निर्धास्त होणं ही पुढची चूक. असा विनाकारण वाढलेला दाब बहुधा वजन जास्त असलेल्या तरुण बायकांत आढळतो, आणि त्यात पाठीत सुई घालून काढलेल्या पाण्यातलं प्रथिन नॉर्मल असतं. रुग्ण सडपातळ पुरुष असेल, किंवा प्रथिन १०० मिली पाण्यात ४५ मिलिग्रॅमच्या बरंच वर असेल, तर पूर्ण मणक्याच्या एमआरआयबद्दल विचारा. रिपोर्टवरचा तो आकडा कुणी वाचतच नाही!

"पाठीत सुई मारली की माणूस अधू होतो," ही भीती एरवी फोल. पण गाठीनं वाट अडली असेल तर खालून पाणी काढल्यावर पायांची ताकद कमी होऊ शकते. म्हणून पायाला मुंग्या, रात्री आडवं झाल्यावर वाढणारी पाठदुखी, हे सुईच्या आधीच सांगा.

पाय लुळे पडू लागले किंवा लघवी तुंबली, तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका. त्याच रात्री गाडी काढा.