जुने ऑफ-रोड अलॉय घेताना या चुका टाळा

थार किंवा जिम्नीसारख्या ऑफ-रोड गाडीसाठी जुने अलॉय, म्हणजे मिश्रधातूची चाके, घेणारे बहुतेक जण टायर चढवलेले चाक समोरून पाहतात आणि तिथेच सौदा पक्का करतात. दर्शनी बाजूला नवे पावडर कोटिंग कोणीही करून देतो. टायरमधली हवा कमी करून गाडी दगडांवरून काढली की मार बसतो तो रिमच्या, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या कड्याच्या, काठाला, आणि आतल्या काठाला गेलेला तडा समोरून कधीच दिसत नाही.

सोलापुरातल्या माझ्या एका परिचितांनी असाच चार चाकांचा संच घेतला. विक्रेता टायर उतरवू देत नव्हता आणि यांनाही सहलीला निघण्याची घाई होती. पुढे एका चाकातली हवा दर दोन-तीन दिवसांनी उतरू लागली. पंक्चर सापडेना, व्हॉल्व्ह बदलूनही फरक पडेना. अखेर होटगी रोडवरच्या पंक्चरवाल्याने चाक पाण्यात बुडवले, तेव्हा बुडबुडे रिमच्या आतल्या अंगाने येताना दिसले. रंग खरवडल्यावर पुट्टी निघाली, पुट्टीखाली बोटभर लांबीचे आर्गन वेल्डिंग, आणि त्याला लागूनच नवा तडा. कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या, अलॉयला ताकद येते ती कारखान्यातल्या उष्णता-प्रक्रियेमुळे. वेल्डिंगच्या आचेने सांध्याभोवतीचा धातू मऊ पडतो, म्हणून वेल्डिंग केलेले चाक कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

मी टायर उतरवल्याशिवाय पैशांचे बोलणे काढत नाही; उतरवण्या-चढवण्याची मजुरी मीच देतो. संशय येईल तिथे डिझेल लावतो, थोड्या वेळाने कोरडे पुसतो आणि वर खडू फिरवतो. तडा असला तर पांढऱ्या खडूवर ओलसर रेघ उमटते.

बॅलन्सिंग मशीनवर शून्य आले म्हणजे रिम सरळ आहे, हाही गैरसमजच आहे. वजने लावून वाकडी रिमसुद्धा बॅलन्स होते. टायर नसलेली रिम मशीनवर फिरवावी आणि दोन्ही काठ वरखाली किंवा आतबाहेर होतात का, हे डोळ्यांनी पाहावे.

2020 साली आलेल्या थारला सहा बोल्ट आणि जिम्नीला पाच; पीसीडी, म्हणजे बोल्टच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास, दोन्हींचा 139.7 मिमी असल्याने केवळ तो आकडा विचारून चाके घ्यायला निघू नये. चाकाच्या मागच्या बाजूचा ईटी आकडा (चाकाची मध्यरेषा आणि बोल्टने बसणारा पृष्ठभाग यांतले अंतर) आणि कमाल भाराची नोंद वाचावी. बोल्टची छिद्रे लंबगोल झालेली असतील, तर ते चाक तिथेच ठेवून परत यावे.