वॉझनियाक समजून घ्यायचाय? अकरा बाइट टाईप करा

ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाकबद्दल काही वाचायला घ्या, फिरून फिरून स्टीव्ह जॉब्स आणि गॅरेजच. हा माणूस नक्की काय चीज होता ते बघायचं असेल तर त्यानं बनवलेला १९७६ चा ॲपल-१ कॉम्प्युटर स्वतः चालवून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. खरं मशीन विसरा, बनलीच होती जेमतेम दोनशे. ब्राउझरमधला इम्युलेटर (जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम) चालेल.

रिसेट दाबलं की स्क्रीनवर एक उलटी तिरकी रेघ येते, बाकी काही नाही. हसू नका, त्याच्या आदल्या वर्षी अल्टेअर नावाचा कॉम्प्युटर घेणाऱ्याला समोर नुसते खटके आणि लाल दिवे मिळायचे. वॉझनं कीबोर्ड आणि टीव्ही जोडला, आणि टाईप केलेलं समजून घेणारा मॉनिटर प्रोग्राम बसवला फक्त २५६ बाइटमध्ये!

आता हे टाका (अर्थात इंग्रजीत, आणि शून्य म्हणजे आकडाच, ओ नाही):

०: ए९ ० एए २० ईएफ एफएफ ई८ ८ए ४सी २ ०

एन्टर. मग ०आर (म्हणजे पत्ता ० पासून चालव), परत एन्टर. अक्षरांची रांग सुरू होईल, सावकाश, सेकंदाला ६०. इम्युलेटर बिघडलेला नाही, मूळ मशीनच तसं होतं.

ए९ ० म्हणजे शून्यापासून सुरुवात, २० ईएफ एफएफ म्हणजे मॉनिटर प्रोग्राममधलं अक्षर छापायचं काम वापर (त्याचा मेमरीतला पत्ता उलटा लिहायचा, एफएफईएफ), ई८ नं एक वाढव, ४सी २ ० म्हणजे परत पत्ता २ वर जा. छापायचा कोड आधीच आहे तर परत कशाला लिहा, ही खास वॉझची कंजुषी. शाळेत असताना पार्ट घ्यायला पैसे नव्हते म्हणून हा कागदावरच कॉम्प्युटर डिझाइन करायचा आणि प्रत्येक वेळी चिप कमी कशा लागतील ते बघायचा. ६५०२ प्रोसेसरसुद्धा २५ डॉलरला मिळतो म्हणून घेतला. असेंबलर (सूचनांचे आकडे करून देणारा प्रोग्राम) परवडत नव्हता, मग दिवसा एचपी कंपनीत कॅल्क्युलेटरचं काम आणि बाकी वेळात कागदावर सूचना लिहून त्यांचे हे असले आकडे हातानं काढायचे.

रिसेट करा, प्रोग्राम मेमरीत तसाच असतो. आता ६: सीए टाका (पत्ता ६ वरच्या ई८ च्या जागी 'एक कमी कर'), एन्टर, ०आर, एन्टर. रांग उलटी चालू लागेल.