जुन्या चित्राचा अनाम चित्रकार कसा शोधावा

निनावी जुने चित्र हाती आले की बहुतेकांची नजर प्रथम कोपऱ्यातल्या सहीकडे जाते. परंतु सही नंतर घालणे सर्वांत सोपे असल्यामुळे तिचा विचार शेवटी करावा. आरंभ भिंगाने करावा. ठरावीक रचनेतले बारीक ठिपके दिसले, तर ते छापील चित्र आहे आणि पुढचा शोध मूळ चित्राचा घ्यावा लागतो.

ठिपके नसतील तर चित्र पालथे करून मागच्या बाजूचे छायाचित्र घ्यावे. लिलावगृहाचा क्रमांक, प्रदर्शनाचे लेबल, जकातीचा शिक्का, चौकट करणाऱ्याचा पत्ता, कॅनव्हास विकणाऱ्याचा छाप, यांपैकी काही ना काही तेथे पुष्कळदा असते. लंडनची विन्सर अँड न्यूटन ही कंपनी १८३२ मध्ये स्थापन झाली, त्यामुळे तिचा छाप असलेला कॅनव्हास त्याआधीचा असू शकत नाही. शिवाय अशा विक्रेत्यांचे पत्ते बदलत गेल्याने छापातल्या पत्त्यावरून काळ आणखी आवळता येतो. मात्र रंगसाहित्य परदेशीही जात असे, म्हणून लंडनचा छाप म्हणजे इंग्रज चित्रकार असे समीकरण मांडू नये. चौकटीवर तर फारच थोडा विश्वास ठेवावा, कारण ती मालकागणिक बदलते. चित्र लाकडी फळीवर असल्यास लाकडाची जात पाहावी: नेदरलँड्सकडचे जुने चित्रकार प्रामुख्याने ओक वापरत, तर इटलीतले पॉप्लर. ओकच्या वार्षिक वलयांवरून झाड कोणत्या वर्षाच्या आधी तोडलेले असणे शक्य नाही, हेही तज्ज्ञांना सांगता येते.

चित्र कोणत्या काळाच्या आधीचे असू शकत नाही, याची अशीच सीमा रंगद्रव्येही आखून देतात. प्रशियन ब्लू १८ व्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तयार झाला, कृत्रिम अल्ट्रामरीन १८२० च्या दशकाअखेरीस आला आणि टायटॅनियम व्हाइट १९२० च्या सुमारास वापरात आला. वोल्फगांग बेल्ट्राकी या जर्मन नकलाकाराने हाइनरिख कांपेनडोंक या चित्रकाराचे १९१४ चे चित्र म्हणून खपवलेल्या बनावट चित्रात हाच पांढरा रंग सापडला आणि त्याचे बिंग फुटले. अर्थात, नंतरच्या डागडुजीतही नवा रंग शिरतो. म्हणून एकाच ठिकाणच्या नमुन्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

आता सही. तिचा रंग पृष्ठभागावरच्या भेगांमध्ये उतरला असेल, तर भेगा आधीच्या आणि सही नंतरची, हे उघड आहे. अतिनील प्रकाशात जुने वार्निश हिरवट चमकते आणि त्यावर नंतर केलेले काम बहुधा गडद दिसते. ही तपासणी अंधाऱ्या खोलीत साध्या अतिनील दिव्यानेही करता येते. या टप्प्यापर्यंत चित्र स्वच्छ करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण ओल्या बोळ्यासरशी वार्निशच नव्हे, पुरावाही निघून जातो.

काळ आणि प्रदेश साधारण ठरल्यावरच शैलीकडे वळावे. जोवान्नी मोरेल्ली या १९ व्या शतकातल्या इटालियन अभ्यासकाने कान, नखे, बोटे असे दुय्यम तपशील ताडून पाहण्याचा आग्रह धरला होता, कारण तेथे हात सवयीने चालतो. तेच तपशील त्या काळातल्या ज्ञात चित्रांशी ताडावेत. नेदरलँड्समधील हेग येथील आरकेडी (RKD) या कलेतिहास संस्थेचा चित्रसंग्रह आणि चित्रांच्या विक्री व मालकीच्या नोंदींची गेटी प्रोव्हेनन्स इंडेक्स ही सूची ऑनलाइन पाहता येतात. चित्रकाराच्या सर्व कृतींची अभ्याससूची प्रसिद्ध झाली असेल, तर तीही चाळावी.

इतके करूनही नाव हाती लागेलच असे नाही. ‘अमुकाच्या कार्यशाळेतील’, ‘अमुकाच्या वर्तुळातील’, ‘अमुकाच्या अनुयायाचे’ आणि ‘अमुकाच्या शैलीतील’ या लिलावसूच्यांतल्या संज्ञा म्हणजे खात्रीच्या उतरत्या पायऱ्या आहेत, आणि पुराव्याला झेपेल त्याच पायरीवर थांबणे माझ्या मते प्रामाणिकपणाचे होय. तज्ज्ञाकडे जाताना पुढची, मागची व तिरक्या प्रकाशातली छायाचित्रे, नेमकी मापे आणि चित्र कोणाकोणाकडे होते याची कागदपत्रे बरोबर द्यावीत; मात्र त्याआधी ते चोरीस गेलेले नाही ना, हे इंटरपोलच्या नोंदींत तपासून घ्यावे.