ई-कोर्ट्सवर केस शोधताना या चुका टाळा

जमीन घेताना, भाडेकरू ठेवताना, अगदी स्थळ बघतानाही लोक आता ई-कोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टातल्या केसेसची माहिती देणाऱ्या सरकारी साइटवर नाव टाकून पाहतात. हे चांगलंच आहे. पण घाईघाईत एकदा नाव टाकायचं, 'रेकॉर्ड नॉट फाउंड' वाचायचं आणि 'क्लिअर आहे' म्हणत इसार देऊन मोकळं व्हायचं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता लिहायलाच हवं. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की तुम्ही जिथे आणि जसं शोधलंत, तिथे तसं काही सापडलं नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे एक नाव, एक वर्ष, एक कोर्ट एवढ्यावर थांबणं. पक्षकाराच्या नावाने शोधताना आधी राज्य, जिल्हा आणि कोर्ट कॉम्प्लेक्स निवडायचं असतं, मग नोंदणीचं वर्ष टाकायचं असतं. पुणे जिल्हा निवडला की सगळे तालुके त्यात आले, असं लोक धरून चालतात. तसं नाही. शिवाजीनगरचं कॉम्प्लेक्स निवडलं तर तिथल्याच केसेस दिसतात. शिरूर, बारामती, जुन्नर एकेक करून बघावं लागतं.

ओळखीतले एक गृहस्थ शिरूर तालुक्यात जमीन घेत होते. विकणाऱ्याचं पूर्ण नाव, चालू वर्ष आणि शिवाजीनगर, एवढं शोधून त्यांनी इसार दिला. खरेदीखताच्या आधी कागद माझ्याकडे आले. सातबारा आणि जुने फेरफार वाचले तर विकणाऱ्याला एक बहीण होती आणि तिचं हक्कसोडपत्र कुठेच नव्हतं. मग मी शिरूरच्या कोर्टात, मागची एकेक वर्षं घेत, विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावाने शोधत गेलो. बहिणीचा वाटपाचा दावा निघाला. वडील हयात असताना दाखल झालेला, म्हणून पहिले प्रतिवादी तेच. विकणाऱ्याचं नाव खाली होतं आणि त्याचं स्पेलिंग आधार कार्डावरच्या स्पेलिंगशी जुळत नव्हतं. व्यवहार थांबला, इसाराचे पैसे मात्र अजून परत आलेले नाहीत.

म्हणून माझी सवय सांगतो. कॉम्प्युटर उघडण्याआधी मी कागदावर नावं काढतो: विकणारा, त्याचे वडील, भाऊ-बहिणी, जुन्या फेरफारांत दिसणारे सगळे. शेजारी वर्षं लिहितो, निदान वीस वर्षं मागे, कारण वाटपाचे दावे तेवढे रेंगाळतात. मग एकेक चौकट खोडत जातो. दर वेळी कॅप्चा भरावा लागतो, कंटाळा येतो. ज्यांना हा कंटाळा नको असतो ते पैसे घेऊन 'इन्स्टंट रिपोर्ट' देणाऱ्या ॲपकडे जातात. आयुष्यभराची कमाई ज्या जमिनीत घालायची, तिच्यासाठी एक दुपार बसायला माणसाने तयार असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारी साइट फुकट आहे.

स्पेलिंगचं वेगळं सांगतो. चौधरी इंग्रजीत कितीतरी तऱ्हांनी लिहितात, आणि विदर्भातल्या जाधवांच्या शेवटी बरेचदा 'व्ही' नसून 'ओ' असतो. शोधायला निदान तीन अक्षरं पुरतात, तेव्हा पूर्ण नाव टाकूच नका. आडनावाचा न बदलणारा तुकडा टाका आणि येईल ती लांबलचक यादी डोळ्यांखालून घाला.

शोधताना 'पेंडिंग'वर (फक्त चालू केसेस) थांबू नका, 'बोथ' (चालू आणि निकाली दोन्ही) निवडा. निकाली निघालेल्या दाव्यावर अपील असू शकतं, आणि अपिलाला नवा नंबर मिळतो.

नंबरांचा गोंधळ तर रोजचा. फायलिंग नंबर आणि रजिस्ट्रेशन नंबर वेगळे असतात. शिवाय त्याच वर्षाचा रेग्युलर सिव्हिल सूट (दिवाणी दावा) नंबर ४५ पुण्यातही असतो आणि जुन्नरलाही. वकिलांकडून सरळ सीएनआर नंबर, म्हणजे त्या एकाच केसचा असलेला नंबर, मागून घ्या. तो सोळा अक्षरी असतो: पहिली चार अक्षरं राज्य-जिल्ह्याची (पुण्याची 'एमएचपीयू'), शेवटचे चार आकडे वर्षाचे. मध्ये डॅश किंवा जागा सोडू नका, आणि शून्याच्या जागी 'ओ' टाकू नका.

उच्च न्यायालयाच्या केसेस जिल्हा न्यायालयांच्या पानावर मिळत नाहीत, त्यांचा शोध वेगळा. तिथेही खंडपीठ बरोबर निवडा. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांपैकी जिल्हा असेल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेलं कोल्हापूरचं सर्किट बेंचही बघा. नंबर 'स्टॅम्प'चा (नोंदणीआधी, दाखल करताना मिळणारा) आहे की नोंदणीचा, हे आधी विचारा.

तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी यांच्यापुढची फेरफाराची आणि कूळकायद्याची प्रकरणं ई-कोर्ट्सवर नसतात. शेतजमीन असेल तर तलाठ्याकडे आणि तहसील कचेरीत जाऊन विचारण्याला पर्याय नाही.

साइटवरून उतरवलेला आदेश वाचायला ठीक आहे. बँकेला किंवा दुसऱ्या कोर्टात द्यायचा असेल तर नक्कल विभागात अर्ज करून सही-शिक्क्याची नक्कल घ्या. पुढची तारीखही साइटवर पाहून गप्प बसू नका. त्या दिवसाचं बोर्ड (सुनावणीच्या केसेसची यादी) बघा आणि आदल्या संध्याकाळी वकिलांना फोन करा.