ट्रकला जादा गेज बसवताय? काटा फसवू नये म्हणून या चुका टाळा

कंपनीने डॅशबोर्डवर दिलेला पाण्याच्या तापमानाचा काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दामच सुस्त ठेवलेला असतो. पाणी ८५ अंशांवर असो की १०० वर, तो मध्यावरून हलत नाही, आणि हलतो तेव्हा इंजिन उकळायच्या बेतात असतं. म्हणून जड माल ओढणारे, घाट चढणारे किंवा इंजिनचं ट्यूनिंग बदललेले लोक बाहेरून गेज आणून बसवतात. एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा पायरोमीटर, बूस्ट (धुराच्या जोरावर फिरणारा टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब), ऑइल प्रेशर आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान, हे त्यातले नेहमीचे चार.

काम फार अवघड नाही. अडचण अशी की चूक झाली तरी गेज बंद पडत नाही. काटा हलतो, लाइट लागतो, फक्त आकडा खोटा असतो. गेजच नसलेला ड्रायव्हर निदान जपून चालवतो. खोट्या काट्यावर भरवसा ठेवणारा बिनधास्त रेटतो.

पायरोमीटर: जागा, भोक आणि वायर

सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका इथेच होतात. मॅनिफोल्डला (सिलिंडरचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा भाग) भोक पाडायची भीती वाटते म्हणून पुष्कळजण प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी कांडी, टर्बोच्या पुढे, पाइपात बसवतात. तिथला आकडा लोडवर टर्बोच्या आधीच्या तापमानापेक्षा १०० ते १५० अंशांनी कमी येऊ शकतो. बरं, हा फरक ठरलेलाही नसतो. आयडलिंगला तो जेमतेम असतो आणि चढावर वाढतो, त्यामुळे ‘दिसतंय त्यात शंभर मिळवा’ हा हिशोब चालत नाही. पिस्टनला जो वायू भाजतो त्याचं तापमान हवं असेल तर प्रोब टर्बोच्या आधीच हवा, शक्यतो सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र येतो तिथे. मॅनिफोल्ड आतून दोन कप्प्यांचा असेल तर प्रोब ज्या कप्प्यात, तेवढ्याच सिलिंडरची खबर मिळते, हे लक्षात असू द्या.

बहुतेक प्रोबना १/८ एनपीटी (अमेरिकन पद्धतीचे पाइपाचे) आटे असतात. त्यासाठी साधारण ८.६ ते ८.७ मिलिमीटरचं भोक लागतं. आधी बारीक ड्रिल, मग मोठं. ड्रिलच्या आणि टॅपच्या (आटे पाडायचं हत्यार) खाचांत ग्रीस भरा, थोडं फिरवलं की बाहेर काढून पुसा, परत ग्रीस लावा. मॅनिफोल्ड बिडाचा असेल तर उरलेला कीस लोहचुंबकाच्या कांडीने निघतो. इंजिन चालू ठेवून शेवटचा मिलिमीटर पाडायचा, म्हणजे कीस बाहेर उडतो, असंही काहीजण करतात. गरम कीस थेट तोंडावर येतो. मला ती पद्धत पटत नाही. टर्बो उतरवूनच भोक पाडावं. वेळ जातो खरा, पण मिनिटाला लाखाच्या घरात फिरणाऱ्या टर्बाइनच्या पात्यांवर लोखंडाचा एक कणही पुरतो. प्रोबच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, नाहीतर पुढच्या वेळी तो निघायचा नाही. आणि टोक वायूच्या प्रवाहात मधोमध यायला हवं, भिंतीला चिकटलेलं नको.

आता वायर. प्रोब के-टाइप थर्मोकपलचा (उष्णतेवर बारीकसा व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडी) असतो आणि त्याच्या दोन्ही वायरी खास मिश्रधातूच्या असतात. एका अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात, सगळा खेळ तेवढ्यावर. वायर आखूड पडली म्हणून साधी तांब्याची वायर जोडली की गडबड झालीच. समजा जोड बॉनेटखाली ८० अंशांत आहे आणि गेज केबिनमध्ये ३० अंशांत, तर काटा सरळ ५० अंश कमी दाखवणार. लांबी हवी असेल तर के-टाइपचीच वायर आणा. उरली तर कापू नका, गुंडाळी करून बांधा, कारण काही गेज दिलेल्या लांबीवरच जुळवलेले असतात. रंगांतही गोची आहे. अमेरिकन पद्धतीत पिवळी प्लस आणि लाल मायनस, म्हणजे सवयीच्या अगदी उलट. आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी प्लस, पांढरी मायनस. इंजिन तापताना काटा खाली जायला लागला तर दुसरीकडे शोधत बसू नका, वायरी अदलाबदल करा.

टेफ्लॉन टेप आणि आटे

सेंडर म्हणजे इंजिनवर बसणारा, गेजला माप पाठवणारा सेन्सर. एका वायरचा सेंडर अर्थ घेतो तो स्वतःच्या आट्यांतून. त्यावर पाच वेढे टेप गुंडाळून, वर दोन-तीन अडॅप्टर चढवले की अर्थ कच्चा होतो आणि काटा मनाला येईल तसा वागतो. टेपऐवजी थ्रेड सीलंटची पेस्ट घ्या, बेताची लावा, पुढचे एक-दोन आटे कोरडे सोडा.

१/८ एनपीटी आणि १/८ बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे आटे) हे दिसायला भाऊ-भाऊ. एकाला इंचाला २७ आटे आणि ६० अंशांचा कोन, दुसऱ्याला २८ आटे आणि ५५ अंश. हाताने एक-दोन फेरे मस्त बसतात, मग अडकतात. तिथे पाना लावून जोर केला की ब्लॉकमधले आटे गेले. हाताने अडकलं की थांबायचं.

कंपनीचा ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी नवा सेंडर लावला तर वॉर्निंगचा दिवा कायमचा मुका होतो. टी (तीन तोंडांची फिटिंग) लावून दोन्ही ठेवा. मात्र टीच्या टोकाला डब्याएवढा सेंडर लोंबकळत ठेवू नका. इंजिनच्या थरथरीने पितळी फिटिंग चिरते आणि तेल भसाभस बाहेर येतं. जाळीच्या होजने सेंडर बाजूला बॉडीवर घ्या. तिथे त्याला स्वतंत्र अर्थ वायर द्यावी लागते, आणि नेमकी तीच विसरली जाते.

सेंडर एकाचा, गेज दुसऱ्याचा

प्रेशरचे काही सेंडर शून्यावर १० ओम आणि पूर्ण दाबावर १८० च्या आसपास असतात, तर काही शून्यावर २४० आणि पूर्ण दाबावर ३३. जोडी चुकली की काटा उलटा फिरतो. पेटीत जो सेंडर आला तोच वापरा.

यातूनच दोष शोधायची सोपी युक्ती मिळते. तापमानाच्या साध्या सेंडरचा रोध उष्णतेने कमी होतो. त्याची वायर काढली तर काटा थंडीकडे पडायला हवा, आणि वायर अर्थला टेकवली तर पूर्ण गरमवर जायला हवा. तसं झालं तर गेज आणि वायर ठीक, दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. तीन वायरींच्या इलेक्ट्रॉनिक सेन्सरवर मात्र हा प्रयोग करू नका.

गिअरबॉक्सचं तापमान नेमकं कुठलं?

टॉर्क कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणाऱ्या लाइनमध्ये तेल सगळ्यात गरम असतं. चढावर तिथे घटकाभर १२० अंशांच्या वर काटा गेला तरी घाबरायचं कारण नसतं. गिअरबॉक्सच्या तळाच्या चेंबरमध्ये हेच तेल सहसा ७५ ते ९५ मध्ये असतं, आणि तिथे १२० दिसलं तर मात्र गाडी बाजूला घ्या. दुसऱ्याच्या गाडीतला आकडा आपल्या गाडीशी ताडताना सेन्सर कुठे आहे हे आधी विचारा, नाहीतर उगाच धसका बसतो किंवा उगाच निर्धास्त राहता.

प्रेशर तपासायच्या पोर्टमध्ये सेन्सर बसवणं सोपं, पण तिथे तेल वाहत नाही. काटा उशिरा चढतो आणि उशिरा उतरतो. कूलर लाइनमध्ये थर्मोस्टॅटचा बायपास (थंड तेल कूलरकडे न पाठवता परत वळवणारा) असेल तर कूलरच्या बाजूचा सेन्सर तेल तापेपर्यंत गप्पच बसतो. माझी पसंती चेंबरला. चेंबर उतरवून त्याला बंग (सेन्सरसाठी आटे पाडलेला तुकडा) वेल्ड करून घ्यावा, पण आत फिल्टरला किंवा व्हॉल्व्ह बॉडीला सेन्सर टेकत नाही ना हे चिकणमातीचा गोळा ठेवून आधी बघावं. अगदी तळाला बसवू नका, दगडाचा फटका तिथेच बसतो. वायरला कनेक्टर ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी चेंबर उतरवताना ती तुटणार नाही.

वायरिंग

मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते आणि बाजारातले पुष्कळ गेज १२ चे. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट ओढायचा जुगाड करू नका. एक बॅटरी कायम उपाशी, दुसरी ओव्हरचार्ज, आणि शेवटी दोन्ही जातात. कन्व्हर्टर लावा किंवा २४ चेच गेज घ्या. सप्लाय किल्लीवर चालणाऱ्या सर्किटमधून, स्वतंत्र छोट्या फ्यूजने घ्या. एअरबॅग, एबीएस आणि ईसीएमच्या (इंजिनचा कॉम्प्युटर) वायरींना हात लावू नका. विंडस्क्रीनच्या खांबावर पॉड (गेज बसवायची डबी) बसवत असाल तर त्यात कर्टन एअरबॅग आहे का ते आधी पाहा. असेल तर तिथे स्क्रू नाही, तिच्यापुढून वायरही नाही.

फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वायर नेताना भोकात ग्रोमेट (रबरी कडं) हवाच. बूस्टची नायलॉन नळी एक्झॉस्टपासून लांब ठेवा, वितळते. आणि डिझेलचं किंवा गरम ऑइलचं प्रेशर नळीने थेट केबिनमध्ये आणू नका. फिटिंग सुटली तर ते सगळं ड्रायव्हरच्या मांडीवर. तिथे इलेक्ट्रिक सेंडरच.

पहिल्या फेरीआधी

तापमानाचा सेंडर बसवण्याआधी उकळत्या पाण्यात धरा, त्याच्या अंगावरून एक वायर अर्थला घेऊन. समुद्रसपाटीला १०० दिसायला हवं; दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी धरा. ऑइल प्रेशर गॅरेजमधल्या मेकॅनिकल गेजशी ताडून घ्या.

मग इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावा, इंडिकेटर द्या, ब्लोअर फुल करा. इंडिकेटरच्या तालावर काटे नाचायला लागले तर गेजचा अर्थ चुकलाय: सगळ्यांचे अर्थ एकमेकांत ओवून शेवट रंग लावलेल्या पट्टीवर केलेला सापडेल. रंग खरवडा, रिंग लग दाबून घट्ट करा आणि पुन्हा इंडिकेटर देऊन बघा.